घोड नदी आणि बाबू गेनू सागर

पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या दक्षिणेस आंबेगाव तालुका आहे. तेथील एका शाळेत भूगोलाचा तास चालू असता एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, तालुक्याचे नाव आंबेगाव, मग तालुक्याची कचेरी घोडेगावास कशी? आणि आंबेगाव आहे तरी कोठे?" मी नकाशावरील निळ्या डागावर बोट ठेवले आणि म्हणालो, "येथे, पाण्याखाली."

तो निळा डाग म्हणजे डिंभे धरणाचा जलाशय. त्यास हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडविताना तो तिच्याखाली चिरडला गेला. त्याच्या नावाचा हा जलाशय घोड नदीवर आहे.

पाणी साठविणे या मुलखाला नवे नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून वाटसरूंसाठी कातळात खोदलेली टाकी आहेत. विसाव्या शतकात हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. कुकडी प्रकल्पात पाच धरणे बांधण्यात आली. येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे ही चार जुन्नर तालुक्यात आणि पाचवे डिंभे आंबेगावात. डिंभ्याच्या जलाशयात सुमारे १२.५ अब्ज घनफूट उपयुक्त पाणी मावते. त्याचा डावा कालवा येडगावच्या जलाशयापर्यंत पाणी नेतो आणि तेथून ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा अशा अवर्षणाच्या तालुक्यांकडे जाते.

या पाण्याचे मोल मात्र वरच्या खोऱ्याने दिले. जुने आंबेगाव बुडाले. नदीकाठची सपाट, कसदार शेते बुडाली. महादेव कोळी व इतर आदिवासींची काही कुटुंबे दूर गेली. कित्येक मात्र जलाशयाच्या वरच्या अंगास, डोंगराच्या उतारावरच राहिली. आता पोट भरावयाचे तर उतारच नांगरला पाहिजे. पण उघड्या उतारावर सह्याद्रीचा पाऊस कोसळला म्हणजे माती वाहून जाते. ती ओढ्यातून नदीत आणि नदीतून जलाशयात येते. शेतकऱ्याचे शेत झिजते, नदी गढूळ होते आणि धरण गाळाने भरू लागते. दुःख एकाचे नसते. ते तिघांचे असते.

मग धरण फोडावे काय? नाही. त्यावर आता असंख्य कुटुंबांची तहान आणि पिके अवलंबून आहेत. धरण राखावयाचे आणि नदीही निरोगी ठेवावयाची, तर उपाय वर, डोंगरउतारावरच सुरू केला पाहिजे.

तो उपाय येथील लोकांस पूर्वीपासून ठाऊक होता. त्याचे नाव पडकई. गावकऱ्यांनी एकत्र यावे, पाळीपाळीने एकमेकांच्या जमिनीत राबावे, उतार फोडून पायऱ्यांसारखी भातखाचरे करावीत आणि त्यांच्या कडांस दगडांचे बांध घालावेत, अशी ही रीत आहे. खाचरात पाणी थबकते, माती बसते, भात पिकतो आणि ओढ्यात उतरणारा गाळ कमी होतो. शाश्वत या संस्थेने आदिवासींच्या साहाय्याने या रीतीस बळ दिले. जलाशयात मासेमारी करता यावी म्हणून आदिवासींनी सहकारी संस्थाही उभारली. ज्या पाण्याने शेते घेतली, त्याच पाण्याने थोडी भाकर परत दिली. या कार्याबद्दल शाश्वत संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तथापि डोंगराशी वागताना विवेक हवा. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. अतिवृष्टीबरोबरच यंत्रांनी उतार सपाट करण्याच्या कामांचीही तेव्हा चर्चा झाली. कोठला उतार खणावा आणि कोठला हिरड्यासारख्या झाडांसाठी सोडावा, हे ठरविल्यावाचून कुदळ उचलू नये.

धरणाच्या खालीही कर्तव्य आहेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे पावसाळ्यापूर्वी काढावयाचे असतात, म्हणजे पुराबरोबर गाळ निघून जातो. पाऊस सरला की ते पुन्हा बसवितात. ढापे काढण्यास आळस केला, तर बंधारा गाळाने भरतो आणि पूर काठ कापू लागतो. सांडपाणी आणि कचरा नदीत सोडला, तर अडविलेले पाणी सडते. पाणी अडविण्याइतकेच ते योग्य वेळी वाहू देणेही महत्त्वाचे आहे.

उन्हाळ्यात जलाशय ओसरला म्हणजे जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. आंबेगाव गेले, तालुक्याला त्याचे नाव तेवढे राहिले. घोड नदीचेही नकाशावर नुसते नाव राहू नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.

स्वाध्याय
१. डोंगरउतारावरील माती वाहून गेल्याने कोणाकोणाचे नुकसान होते?
२. पडकई म्हणजे काय? तिचा नदीला कसा उपयोग होतो?
३. बंधाऱ्याचे ढापे पावसाळ्यापूर्वी का काढतात?
४. तुमच्या गावाजवळच्या नदीचे वा ओढ्याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.