धारोष्ण दूध

धारोष्ण दूध फार पौष्टिक, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. गवळ्यानें दारीं घातलेलें तें शुभ्र दूध पाहून कोणास शंका येईल? परंतु शुभ्रता ही शुद्धतेची खूण नव्हे. कासेवरील मळ, धार काढणाराचे हात, अस्वच्छ चरवी, मिसळलेलें पाणी, यांतून सूक्ष्म जंतु दुधांत शिरतात. गाय रोगी असल्यास प्रामाणिक गवळ्याच्या दुधांतूनही क्षयाचे जंतु येऊं शकतात.

आतां थोडें गणित करा. उबेंत कांहीं जंतु दर २० मिनिटांनीं दुप्पट होतात. एकाचे तासाभरांत ८, तर सहा तासांत २,६२,१४४!

लुई पाश्चर यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका रीतींत दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटें ठेवून लागलेंच थंड करतात. घरीं मात्र दूध येतांच तें चांगलें उकळावें, झांकून थंड जागीं ठेवावें, त्यांत उष्टा चमचा बुडवूं नये व कच्चें दूध मिसळूं नये.

घरांत तान्हें भावंड असेल, तर आजच आपल्या आईस हें गणित करून दाखवा.