शस्त्रक्रियेआधी विश्रांती की व्यायाम?

प्रश्न : वडिलांच्या (वय 66) उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ आहे. तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली आहे. तोवर रोज चाला, जिने चढा, असं डॉक्टर सांगतात. त्यांना आधीच दम लागतो. मग आराम करून ताकद राखून ठेवायला नको का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ऑपरेशन ठरलं की आपल्याकडे आजाऱ्याच्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेतात. त्यामागची माया खरी, पण हिशेब चुकतो. ताकद म्हणजे कणगीतलं धान्य नव्हे, की वापरलं नाही तर तेवढंच शिल्लक राहील. उतारवयात आठवडाभर अंथरुणात काढला, तरी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झडू लागतात.

मग व्यायामाने फुप्फुस सुधारतं का? नाही, बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. नवे वायुकोश उगवत नाहीत. सुधारतात ते हृदय आणि स्नायू. सराव झालेले स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगला उचलतात, म्हणून तेवढंच चालणं कमी श्वासात भागतं. उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात. त्यातला एक काढला तर उरलेल्यांवर निभवायचं असतं. शिवाय छातीवर जखम असली की रोगी खोल श्वास घ्यायला, खोकायला भितो. कफ साठतो, फुप्फुसाचा काही भाग मिटतो आणि न्यूमोनिया गाठतो. शस्त्रक्रियेनंतरची मोठी धास्ती हीच. अंगात दम असलेला माणूस लवकर उठतो, चालतो, जोर लावून खोकतो.

हा नुसता तर्क नाही. 2022 साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात 10 चाचण्यांमधल्या 636 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. आधी व्यायाम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका निम्म्याहून कमी आढळला आणि रुग्णालयातला मुक्काम सुमारे दोन दिवसांनी घटला.

चालल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. मात्र ‘अजून थोडी ताकद येऊ दे’ म्हणत शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नका. हातातले तीन आठवडे कामाला पुरेसे आहेत. किती चालायचं, किती जिने चढायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. थोडा दम लागणारच. पण छातीत दुखलं, चक्कर आली किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर थांबून लगेच डॉक्टरांना कळवा. विडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद. आणि संध्याकाळी वडिलांना एकटं पाठवू नका, तुम्हीही सोबत चाला.