शालेय फुटबॉल संघांची गटवारी

कुस्तीच्या फडांत पहिलवान उतरण्यापूर्वीं जोड लावण्याचें काम जाणत्या माणसांकडे असतें. दोघांचें वय, वजन, अंगलट आणि मागील कुस्त्या पाहून हा त्याला बरोबर येईल कीं नाहीं हें ते ठरवितात. आणि जोड विषम लागली तर पाहणारेच ओरडा करून ती मोडावयास लावतात. एका माणसासमोर एकच माणूस असतां ही गोष्ट इतक्या काळजीनें पाहावी लागते, तर जेथें एका शाळेचे अकरा मुलगे दुसऱ्या शाळेच्या अकरांसमोर उभे राहतात तेथें जोड कशी लावावी? शाळेला तराजूंत बसवितां येत नाहीं. मग तिचें वजन करावें कशानें? या प्रश्नाचा जितका खल अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे, तितका इतरत्र क्वचितच झाला असेल. म्हणून तेथील पद्धतीचा थोडा विचार विद्यार्थ्यांनीं, आणि क्रीडास्पर्धांच्या निकालावरून शाळेची परीक्षा करणाऱ्या पालकांनींही, करावा हें इष्ट होय.

प्रथम एक खुलासा. तेथें ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपल्या मैदानावरील खेळ नव्हे. अंडाकृति चेंडू हातीं घेऊन धावावयाचें, आणि प्रतिपक्षानें अंगावर झेप घेऊन धावणाऱ्यास खालीं पाडावयाचें, असा तो दांडगा खेळ आहे. मुलगे डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्या बांधून उतरतात. मोठ्या शाळेंत चढाईसाठीं अकरा आणि बचावासाठीं निराळे अकरा असे दोन ताफे असतात, व त्यांचे बदलीही बाजूस सज्ज असतात. लहान शाळेंत तेच अकरा मुलगे चढाईही करतात आणि बचावही करतात. शेवटच्या पावतासांत एका बाजूस ताजे व दुसऱ्या बाजूस दमलेले असा सामना होतो, आणि दमलेल्या मुलास धडक चुकवितां येत नाहीं. तेव्हां तेथें विषम जोड म्हणजे केवळ मानहानि नव्हे, हात-पाय मोडण्याचा प्रश्न आहे, हें ध्यानांत ठेवावें.

शालेय फुटबॉलचें अखिल राष्ट्राचें असें एक अधिकृत विजेतेपद तेथें नाहीं. प्रत्येक राज्याची आपली शालेय क्रीडासंस्था असते, आणि गट पाडण्याचे नियमही प्रत्येक राज्य आपापले करतें. यांपैकीं टेक्सस राज्याचें उदाहरण विशेष पाहण्याजोगें आहे. कारण तेथें या खेळाचें वेड इतकें आहे कीं ॲलन गांवच्या हायस्कुलासाठीं २०१२ सालीं सुमारे सहा कोटि डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचें क्रीडांगण उभारण्यांत आलें. टेक्ससमध्यें शाळांचे सहा वर्ग केलेले आहेत. पट सुमारे १०५ च्या आंत असेल ती शाळा सर्वांत खालच्या वर्गांत, आणि सुमारे २,२०० हून अधिक असेल ती सर्वांत वरच्या वर्गांत जाते. दर दोन वर्षांनीं पट पुन्हा मोजून वर्ग नव्यानें लावतात, कारण एखाद्या उपनगराची वस्ती चार वर्षांत दुप्पट होते आणि एखादें खेडें तितक्याच काळांत ओस पडतें.

येथें गणिताच्या विद्यार्थ्यांस एक मनोरंजक उदाहरण सुचतें. १०५ आणि २,२०० यांच्या दरम्यान चार वर्ग पाडावयाचे आहेत. कोणीही घाईनें म्हणेल कीं दोहोंतील अंतराचे चार समान भाग करावे. प्रत्येक भाग सुमारे ५२४ चा येईल, व पहिला वर्ग १०५ पासून ६२९ पर्यंत होईल. म्हणजे त्या एकाच वर्गांत कांहीं शाळा दुसऱ्यांच्या सहापट मोठ्या! वरच्या वर्गांत मात्र १,६७६ विरुद्ध २,२०० अशी जवळजवळ बरोबरीची जोड लागेल. याचें कारण उघड आहे. शंभर मुलांच्या शाळेंत आणखी पांचशें मुलें आलीं तर तिचा संघ ओळखूं येणार नाहीं इतका बदलतो. दोन हजारांच्या शाळेंत तींच पांचशें आलीं तर फारसा फरक पडत नाहीं. म्हणून समान अंतर न घेतां समान प्रमाण घ्यावें. २,२०० ला १०५ नें भागलें असतां सुमारे २१ येतात, आणि त्याचें चतुर्थमूळ सुमारे २·१४. तेव्हां सीमा १०५, २२५, ४८०, १,०३० आणि २,२०० अशा पडतात, व कोणत्याही वर्गांत मोठी शाळा लहानीच्या सव्वादोनपटींच्या आंत राहते. टेक्ससच्या प्रत्यक्ष सीमा या आंकड्यांशीं तंतोतंत जुळत नाहींत, परंतु त्यांची ठेवण हीच आहे: खालचे वर्ग अरुंद, वरचे रुंद. भूमितिश्रेढी कशास शिकावयाची असें विचारणाऱ्या मुलांस हें उत्तर पुरे व्हावें.

सर्वांत लहान शाळांचा प्रश्न मात्र कोणत्याही सीमेनें सुटत नाहीं. ज्या हायस्कुलांत एकंदर चाळीस मुलगे, तेथें अकरा धडधाकट खेळाडू आणावे कोठून? १९३४ सालीं नेब्रास्का राज्यांतील चेस्टर गांवीं स्टीफन एप्लर या तरुण शिक्षकानें यावर एक तोड काढली. त्यानें खेळच लहान केला. प्रत्येक बाजूस सहा खेळाडू, आणि मैदान शंभर यार्डांऐवजीं ऐंशी यार्ड लांब व चाळीस रुंद. मंदीचा तो काळ होता. अनेक लहान शाळांस संघ बाळगणें परवडत नव्हतें. एप्लरचा खेळ त्यांच्यांत झपाट्यानें पसरला, आणि टेक्ससमधील सर्वांत खालचा वर्ग आजही हाच सहा जणांचा खेळ खेळतो. मला ही युक्ति सर्व गणितांहून अधिक आवडते. दुर्बळास प्रबळाच्या मापाचा अंगरखा घालून तो लोंबतो म्हणून हंसण्यापेक्षां त्याच्या अंगाचा अंगरखा शिवणें बरें.

आतां पट हें माप कोठें फसतें तें पाहूं. केवळ मुलांच्या शाळेंत आठशें मुलगे असतील, आणि मिश्र शाळेंतील आठशेंपैकीं चारशें मुली असतील. या खेळांत मुली फारच थोड्या उतरतात. म्हणून कित्येक राज्यांत केवळ मुलांच्या शाळेचा पट दुप्पट धरण्याची रीत आहे. हें सोपें झालें. खरा वाद आहे तो खाजगी शाळांचा, आणि त्यांत पुष्कळशा कॅथोलिक व इतर ख्रिस्ती शाळा असल्यामुळें आपल्यासारख्या मिशनच्या शाळेनें तो कान देऊन ऐकला पाहिजे. सरकारी शाळेस तिच्या हद्दींतील मुलें मिळतात. तीं उंच असोत वा ठेंगणीं, तींच खेळवावीं लागतात. खाजगी शाळेस हद्द नाहीं. ती पन्नास मैलांवरून मुलगा आणूं शकते, नको त्यास प्रवेश नाकारूं शकते, आणि शिष्यवृत्तीही देऊं शकते. तेव्हां दोघींचा पट सारखा असला तरी जोड सारखी नाहीं, अशी सरकारी शाळांची तक्रार आहे.

या तक्रारीवर अलाबामा राज्यानें १९९९ सालीं खाजगी शाळांच्या पटास १·३५ नें गुणण्याचा नियम केला. इलिनॉय राज्यानें २००५ सालीं हद्द नसलेल्या शाळांसाठीं १·६५ हा गुणक घेतला. म्हणजे सहाशें मुलांची शाळा ९९० ची समजून वरच्या वर्गांत टाकावयाची. वरवर पाहतां हें न्याय्य दिसतें. परंतु सर्वच खाजगी शाळा बलाढ्य असतात असें थोडेंच आहे? एखादी गरीब पॅरिशची शाळा वर्षांत एकही सामना जिंकत नाहीं. तिलाही तोच गुणक लावणें म्हणजे श्रीमंत भावाचा कर गरीब भावाकडून वसूल करणें होय. इलिनॉयनें पुढें अशा दुर्बळ शाळांस सवलत देण्याची तरतूद केली, यावरूनच मूळ नियमांतील दोष दिसून येतो.

इंडियाना राज्यानें निराळी वाट धरली. शाळा कोणत्या जातीची हें न पाहतां तिनें काय मिळविलें तें पाहावयाचें. २०१२ सालीं तेथें ठरलें कीं राज्यस्पर्धेंत जो संघ जितका पुढें जाईल तितके गुण त्याच्या नांवें मांडावे. राज्यविजेत्यास चार, आणि त्याखालीं उतरत्या क्रमानें. दोन वर्षांत सहा गुण झाले तर पट कितीही लहान असो, संघ एक वर्ग वर चढे. हा नियम सरकारी व खाजगी दोहोंस सारखाच लागू, हा त्याचा मोठा गुण. यावर कोणी म्हणतात कीं ही यशाची शिक्षा झाली. मला तसें वाटत नाहीं. सातवींत पहिला आलेल्या मुलास आठवींत घालतात, त्यास आपण शिक्षा म्हणत नाहीं. खरी अडचण दुसरीच आहे. शाळेचा संघ हा एखाद्या क्लबासारखा स्थिर नसतो. इंग्लंडमध्यें १८८८ सालीं फुटबॉल लीग निघाली व १८९२ मध्यें तिचा दुसरा विभाग झाला, तेव्हांपासून संघांचा चढ-उतार तेथें चालत आला आहे. परंतु ते संघ धंदेवाईक, खेळाडू गेला तर दुसरा विकत घेतात. शाळेचा उत्तम गोलरक्षक परीक्षा पास होतो आणि जातो! ज्यांनीं विजय मिळविला ते गेलेले, आणि वरच्या वर्गाशीं झुंजावयाचें तें त्यांच्या धाकट्या भावांनीं. म्हणून यशाचा हिशेब अलीकडील थोड्या वर्षांचाच असावा, आणि संघ ढासळला कीं त्यास परत खालीं येतां यावें.

दारिद्र्य हेंही एक वजन आहे. मिनेसोटा राज्यांत सवलतीच्या भोजनास पात्र असलेल्या मुलांच्या संख्येचा कांहीं अंश पटांतून वजा करून मग वर्ग ठरविण्याची रीत पडली. कारण ज्यास शाळा सुटल्यावर कामास जावें लागतें तो मुलगा पटावर असतो, मैदानावर नसतो. आपल्याकडील शिक्षकांस हें समजावून सांगावयास नको.

इतकी काटेकोर मापें काढण्यापेक्षां गटच नसावे असें म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्यापाशीं एक फार गोड कथा आहे. ती फुटबॉलची नसून बास्केटबॉलची, व पुन्हा इंडियानाचीच. तेथें १९९७ पर्यंत लहानमोठ्या साऱ्या शाळा एकाच स्पर्धेंत खेळत. १९५४ सालीं मायलन नांवाच्या खेड्याच्या हायस्कुलानें, ज्याचा एकंदर पट १६१ होता, अंतिम सामन्यांत मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेस ३२ विरुद्ध ३० अशा गुणांनीं जिंकलें. बॉबी प्लंप यानें अखेरच्या क्षणीं चेंडू टोपलींत टाकला. दावीद आणि गल्याथ यांचीच ही गोष्ट, आणि ती ऐकून कोणाचें रक्त सळसळणार नाहीं? पण त्या वर्षीं सुमारे साडेसातशें शाळा उतरल्या होत्या, आणि त्यानंतर १९९७ पर्यंत इतक्या लहान शाळेस तें विजेतेपद पुन्हा मिळालें नाहीं. दावीद एकदां उठला. बाकीच्या शेंकडों खेड्यांतील मुलें प्रतिवर्षीं पहिल्या फेरींतच घरीं परतलीं, त्यांची कथा कोणीं लिहिली नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्रांत शालेय स्पर्धांचे गट पटावर नसून वयावर आहेत: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. हवाई दलानें १९६० सालीं सुरू केलेल्या सुब्रोतो चषकासही वयाचीच अट आहे. कबड्डींत तर वयाच्या जोडीला वजनाचीही मर्यादा घालतात. वय हें माप चांगलें खरें, पण त्यांतही खोट आहे. पहिली खोट माणसाची. जन्मतारीख कागदावर बदलतां येते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेनें २००९ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची चुंबकीय चित्रें घेण्यास आरंभ केला. हाडाच्या टोकाशीं वाढीची जी पट्टी असते ती पूर्णपणें सांधून गेली असेल, तर मुलगा सतरांखालील असण्याचा संभव फारच थोडा. दुसरी खोट निसर्गाची. एक जानेवारी ही सीमा धरली तर जानेवारींत जन्मलेला व डिसेंबरांत जन्मलेला एकाच गटांत येतात, आणि चौदाव्या वर्षीं अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे कित्येकदां वीतभर उंचीचें अंतर असतें. कॅनडांतील बर्फावरील हॉकीपटूंच्या जन्मतारखा पाहून रॉजर बार्न्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ मध्यें दाखवून दिलें कीं निवडलेल्यांत वर्षारंभीं जन्मलेल्यांचाच भरणा असतो. ज्या पालकांचा मुलगा अंगानें मागून भरतो आहे, त्यांनीं तेराव्या वर्षींच त्याच्या खेळाचा निकाल लावूं नये.

पण वयाची अट कितीही चोख पाळली तरी दोनशें मुलांचें खेड्यांतील विद्यालय आणि तीन हजारांचें शहरांतील हायस्कूल तालुक्याच्या पहिल्याच फेरींत समोरासमोर येतात तें येतातच. माझी सूचना अशी आहे कीं तालुका-पातळीवर तरी वयाच्या आंत पटाचे दोन भाग करावे, त्यांचे सामने निराळे खेळवावे, आणि दोन्ही विजेत्यांस जिल्ह्याच्या स्पर्धेंत जाऊं द्यावें. जेथें अकरा जमत नाहींत तेथें सात-सातांचे सामने घ्यावे. आणि ज्या शाळांस वसतिगृह आहे, ज्या दूरच्या गांवांहून मुलें आणतात, त्यांनीं पट कितीही असो आपण होऊन वरच्या भागांत नांव घालावें. यांत मी आपल्यासारख्या मिशनच्या शाळा धरतों. आपल्या कपाटांत एखादें ढालचषक कमी दिसेल, हें मान्य.

राहिला प्रश्न पट कोणता धरावा हा. टेक्ससमध्यें ऑक्टोबरांतील ठराविक दिवसाची गणती धरतात. आपल्याकडे २०११ च्या ऑक्टोबरांत राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हां कागदावरील किती मुलें वर्गांत नव्हतीं हें सर्वांनीं पाहिलें. तेथें आंकडा फुगविण्याचा मोह होता. खेळाच्या गटवारींत तो उलटा, म्हणजे घटविण्याचा होईल. यास उपाय सोपा आहे. शिक्षकांची संचमान्यता ज्या पटावर ठरते, तोच आंकडा क्रीडा-अर्जावर लिहावयाचा. चषकासाठीं पट कमी दाखवूं पाहणाऱ्या मुख्याध्यापकांस मग एक शिक्षक गमवावा लागेल, आणि तो बहुधा क्रीडाशिक्षकच असेल.