कार्डावरचा कोणता आकडा खरा?

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं रंगतात. मी ती कॅमेऱ्यावर फोर-केमध्ये टिपतो, पण चित्रीकरण मध्येच आपोआप थांबतं. कार्डावर तर सेकंदाला १७० एमबी छापलंय!
– एक वाचक, केशोरी (जि. गोंदिया)

उत्तर : तो १७० बहुधा वाचनाचा कमाल वेग आहे; फाइली संगणकावर घेताना कामाचा. चित्रीकरणात कार्डावर लिहिलं जातं आणि तिथे किमान सलग वेग लागतो. तो बारीक चिन्हांत दडलेला असतो. गोलातला १० किंवा यू १ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट. यू ३ किंवा व्ही ३० म्हणजे ३०.

गोंधळ होतो तो इथे : कॅमेरा आपला वेग मेगाबिटमध्ये सांगतो. त्याला ८ने भागा. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. यू १ची हमी तिथे अपुरी पडते, व्ही ३०ची पुरून उरते. महागड्या व्ही ९०च्या नादी लागू नका. मात्र याच हिशेबाने तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड तीन तासांच्या आत भरेल, आणि तुमचं नाटक तर उजाडेपर्यंत चालतं! दोन-तीन कार्डं खिशात हवीतच.

ए १, ए २ ही चिन्हं मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी. तुम्ही ती सोडून द्या.

चिन्हं बरोबर असूनही कार्ड अडखळलं, तर ते नकली असू शकतं. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रामने ते काठोकाठ भरून तपासा. आधी जुनं चित्रीकरण दुसरीकडे उतरवून घ्या.