स्मृतीविषयीचे गैरसमज व प्रश्नपरीक्षा

दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीने प्रश्नपरीक्षेचे महत्त्व आपण सर्व वैद्य जाणतोच. परंतु रुग्णाचे उत्तर ज्या स्मृतीतून येते, तिच्याविषयी दोन गैरसमज आपल्यातही रूढ आहेत.

गैरसमज पहिला : स्मृती म्हणजे जशीच्या तशी जपलेली नोंद. वस्तुतः आठवताना मन घटनेची नव्याने जुळणी करते आणि त्या वेळी कानी पडलेले शब्दही तीत मिसळतात. १९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस व पामर यांनी मोटार-अपघातांच्या त्याच त्या चित्रफिती सर्वांना दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘जोराने आदळल्या’ असा शब्द असता सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले; साधा ‘धडकल्या’ असता ३४. दुसऱ्या प्रयोगात, आठवड्यानंतर, चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचा पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांना ‘आठवल्या’, दुसऱ्यातील ७ जणांना.

गैरसमज दुसरा : ठामपणे सांगितलेले खरेच असते. १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेची वार्ता कोठे व कशी कळली, हे नाइसर व हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी तेच विचारता अनेकांचे उत्तर पूर्वीच्या लेखाशी जुळेना; खात्री मात्र दांडगी होती.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत; त्यांत सादृश्य, अभ्यास, पुनःश्रुत ही येतात. स्मृती निमित्ताने जागी होते. आमच्या मते वैद्याचा प्रश्न हेही एक निमित्तच होय.

आमचाच एक प्रमाद नमूद करतो. शीतपित्ताच्या एका रुग्णास आम्ही विचारले, “दही खाल्ल्यावरच उठते ना?” तो “हो” म्हणाला. दही वर्ज्य केले, गुण येईना. पुढे घरच्यांनी जुनी चिठ्ठी आणली, तेव्हा कळले की, त्याच आठवड्यात सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळी सुरू झाली होती. ती बंद होताच गांधी उठणे थांबले. उत्तर त्याचे असले, तरी दही आमचेच होते.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. “काय खाल्ले? केव्हापासून?” असे मोकळे प्रश्न आधी विचारावेत; सुचवणारे प्रश्न टाळावेत.
२. उत्तर रुग्णाच्याच शब्दांत, तारखेसह, त्याच वेळी केसपेपरवर लिहावे.
३. चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या व वेष्टने आणावयास सांगावे.
४. औषधालय-चालकांनी “मागच्या वेळची तीच पुडी” एवढ्यावर औषध देऊ नये. चिठ्ठी अथवा नोंदवही पाहावी.

रुग्ण असत्य बोलत नसतो; तो जे आठवते ते सांगतो. ते पडताळून पाहणे हे आपले कर्तव्य आहे.