मत्स्यपेटीचे वजन

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाळाचे मी आधी वजन करतो, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. स्वतःच्या घरात मात्र वजनाचा प्रश्न मला सुचला नाही. तो एका स्थापत्य अभियंता मित्राने विचारला, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी बालरोगांऐवजी या वेगळ्या विषयावर लिहीत आहे.

बडोद्यात दांडिया बाजार परिसरात आमचे वडिलोपार्जित घर आहे. तळमजल्यावर आईची खोली आणि तिच्या बरोबर वर कडीपाटाचा दिवाणखाना. चिरंजीवांनी त्या दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच अशी काचेची मत्स्यपेटी ठेवण्याचे ठरविले. कारागिराला आगाऊ रक्कमही देऊन झाली होती.

मित्राने कागद मागितला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पेटी काठोकाठ न भरताही पाणी सुमारे ३०० किलो, काच ६०, तळाचे खडे ४० आणि लाकडी स्टँड ४०. एकूण ४४० किलो!

"सत्यनारायणाला वर तीस माणसे बसतात," मी म्हणालो.

"ती खोलीभर पसरून बसतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. ही अर्ध्या चौरस मीटरवर वर्षानुवर्षे बसणार आहे."

मुद्दा एकूण वजनाचा नसून ते किती जागेवर, कशावर आणि किती काळ पडते याचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो भार धरला आहे. आमच्या पेटीखाली तो आठशेच्या घरात जात होता. सिमेंटच्या चांगल्या स्लॅबवर याचा अर्थ लगेच धोका असा नव्हे, कारण मानकातला भार संपूर्ण खोलीवर गृहीत धरलेला असतो. तेथेही पेटी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवावी. बाहेर काढलेल्या गॅलरीत तर ठेवूच नये.

लाकडाची गोष्ट निराळी. दीर्घकाळ भार राहिल्यास लाकूड हळूहळू वाकत जाते. त्यामुळे पेटीची लांबी कड्यांना आडवी हवी, म्हणजे भार तीन-चार कड्यांत वाटला जातो. भिंतीजवळ, कड्यांच्या टोकांपाशी ठेवणे उत्तम. मात्र ती टोके शाबूत असली पाहिजेत. भिंतीत शिरलेले टोक डोळ्यांना दिसत नाही, आणि ओल व वाळवी नेमकी तिथेच शिरते. मित्राने आईच्या खोलीत शिडीवर चढून एका कडीच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो बोटभर आत गेला आणि भुसा आईच्या पलंगावर पडला.

आम्ही कोणीच काही बोललो नाही.

पेटी आता तळमजल्याच्या पुढच्या खोलीत, जमिनीवरील फरशीवर आहे. ती नीट समपातळीत बसवली, कारण स्टँड जरा तिरपा असला तरी काचेच्या सांध्यावर ताण येतो. स्टँड भिंतीला पट्ट्यांनी जखडला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे हादरे ज्यांना आठवतात, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

उरलेली काळजी मात्र माझ्या शास्त्रातली. नातू दोन वर्षांचा आहे, आणि या वयाची मुले उघड्या खणांच्या पायऱ्या करतात. म्हणून खणांना कुलूप आणि पेटीवर घट्ट झाकण. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. विजेच्या वायरी आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली टपकते. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरणही बसविले. पाण्याचे तापमान दाखविणाऱ्या छोट्या डिजिटल यंत्रात बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकते. अशी शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. आमच्या पेटीत काचेचा साधा तापमापक आहे.

कड्यांच्या टोकांचे काम पावसाळ्यापूर्वी उरकायचे आहे. तोवर आईचा पलंग शेजारच्या खोलीत हलविला आहे.