अहरोनाचें उत्तर

शास्त्रपाठ : निर्गम ३२:१-२४, लेवीय ९:१-८. मुखपाठ : गलती. ६:५.

मोशेला सीनाय पर्वतावरून उतरावयास विलंब लागला, तेव्हां लोक अहरोनाभोंवतीं जमले आणि आम्हांस देव करून दे, असा आग्रह त्यांनीं धरिला. पुढें सोन्याचें वासरूं झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. मोशेनें विचारिल्यावर अहरोनानें जें उत्तर दिलें, त्याचा आज आपण विचार करूं.

१. त्यानें काय केलें. कुंडलें आणा, असें त्यानेंच सांगितलें. तें सोनें त्यानें आपल्या हातीं घेतलें व हत्यारानें त्यास आकार दिला (व. ४). त्यानें वेदी बांधिली आणि दुसऱ्या दिवशीं उत्सव होईल असें जाहीर केलें (व. ५).

२. त्यानें काय सांगितलें. लोक दुष्ट आहेत, हें पहिलें उत्तर. मीं सोनें अग्नींत टाकिलें आणि हें वासरूं बाहेर आलें, हें दुसरें. लोकांनीं आग्रह केला हें खरें होतें. परंतु हत्यार, वेदी व उत्सव ह्यांविषयीं अहरोन एक शब्दहि बोलला नाहीं. ह्यावरून दिसतें कीं, पाप झांकावयास केवळ खोटेंच लागतें असें नाहीं. अर्धें सत्यहि पुरतें.

३. आपलीं उत्तरें. ऐपतीबाहेर कर्ज काढून लग्न केलें, तर भाऊबंदांनीं भरीस घातलें. दारू प्यालों, तर संगत वाईट होती. उपदेशकानें भांडणांत बलवान घराची बाजू घेतली, तर मंडळींत शांति राखावयाची होती. आणि कांहींच न सुचलें, तर सटवीनें कपाळीं लिहिलें तें चुकत नाहीं! अशीं उत्तरें अहरोनाच्या उत्तराचींच भावंडें होत.

अवर्षण, आजार, गरिबी हीं मनुष्य आपण होऊन निवडीत नाहीं; त्यांचा दोष त्याच्या माथीं मारावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु संकटांतहि आपल्या हातानें जें केलें, तें आपलें आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायांत एकमेकांचीं ओझीं वाहण्याची आज्ञा आहे, आणि प्रत्येकानें आपलाच भार वाहावयाचा आहे, असेंहि तेथेंच सांगितलें आहे. ह्यांत विरोध नाहीं. कर्ज फेडावयास बंधु साह्य करील. परंतु 'चुकलों' हा शब्द आपल्याऐवजीं त्यास बोलतां येणार नाहीं.

४. कबुलीची वाट. नाथानानें दोष दाखवितांच दाविदानें कोणाचेंहि नांव पुढें न करितां आपलें पाप पदरीं घेतलें (२ शमु. १२:१३). त्यास क्षमा मिळाली, तरी कर्माचे परिणाम त्याला भोगावे लागले. अहरोनासाठीं मोशेनें प्रार्थना केली (अनु. ९:२०). पुढें तो याजक झाला, तेव्हां लोकांचें अर्पण करण्यापूर्वीं स्वतःच्या पापासाठीं त्याला अर्पण करावें लागलें. आणि तें अर्पण एका वासराचें होतें! तें वधितांना त्याला काय आठवलें असेल?

आपल्यासाठीं तर ख्रिस्तानें एकदांच स्वतःचें अर्पण केलें आहे (इब्री ७:२७). क्षमा सिद्ध असतां सबब कशाला? जो आपलें पाप दुसऱ्याचें म्हणतो, तो त्याची क्षमा कशी मागणार?

प्रश्न. (१) अहरोनानें उत्तरांत काय गाळलें? (२) आपण कोणती सबब वारंवार सांगतों? (३) ह्या आठवड्यांत कोणाकडे जाऊन 'माझें चुकलें' असें सांगावयाचें आहे?